पाइप संपेपर्यंत चालणारे सर

जुलै १९९१. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचा पहिला तास. हजर: आम्ही अकरा विद्यार्थी, सर, आणि खडू द्यायला आलेले शिपाईमामा. सर "बसा हो" म्हणाले म्हणून मामा तासभर तिथेच बसून राहिले. आकडा: एकशेऐंशी. सरांनी आल्या आल्या तो फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि आमच्याकडे वळून विचारलं, "कसले?"

एक जण म्हणाला अंश. एक म्हणाला रुपये. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमच्या पेपरात नापास."

"तेवढी मुलं माझ्या विषयाला येतच नाहीत, ही माझी खंत आहे," सर म्हणाले. "लिटर. रोजचे. तुमची दोन मूत्रपिंडं दिवसाला एवढं पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं दीडेक लिटर बाहेर टाकतात, बाकीचं परत देतात. ना मोटर, ना ऑपरेटर, जागा दोन मुठींएवढी. असं यंत्र मला कुठल्या कारखान्यात दाखवा, मी नोकरी सोडून तिथे झाडू मारायला जातो."

त्या वर्षी विद्यापीठाने केमिकल इंजिनीअरिंगला बायोमेडिकल हा ऐच्छिक विषय ठेवला होता. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी पेट्रोकेमिकल घेतला, कारण नोकऱ्या तिथे होत्या. आम्ही अकरा जण उरलो. कुणाला वेळापत्रक सोयीचं होतं, कुणी फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण केली होती. माझं कारण वेगळं होतं. त्या वर्षीच्या मार्चपासून माझे वडील डायलिसिसवर होते. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं.

सर पन्नाशीचे असावेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी काचेचा थर्मामीटर. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, लांब. कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा आला की सर तो थर्मामीटर ग्लासात बुडवून उभे राहत. बासष्ट अंशांना ते चहा पीत. त्याच्या वर नाही, खालीही नाही.

"सर, ताप उतरला का?" टपरीवाला विचारायचा.

"अडुसष्ट. थांब जरा."

"बाकीचे लोक तोंडानेच बघतात हो."

"म्हणून बाकीच्यांची तोंडं भाजतात."

आकड्यापुढे एकक नसलं तर त्यांना तो आकडा दिसतच नसे. शिपाईमामा दारात येऊन म्हणत, "सर, दोघं आलेत," की सर वर न बघता विचारत, "दोघं कसले?" ही खोड मलाही लागली, ती गेली नाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "येताना चार आणा," आणि मी "कसले?" म्हटलं की आतून उत्तर येतं, "तुमच्या सरांसारखे नकोत, एवढं बघा."

कॅल्क्युलेटरने दिलेले सगळे आकडे उतरवून काढणाऱ्यांचा त्यांना राग येई. माझ्या शेजारच्या मुलाने एका गणिताचं उत्तर दशांश चिन्हापुढे पाच घरांपर्यंत लिहिलं होतं. सरांनी शेजारी लाल शाईने लिहिलं, 'शेवटचे चार आकडे परत घेऊन जा. आमच्याकडे ठेवायला जागा नाही.' गणित करण्याआधी उत्तराचा अंदाज लिहायचा, ही सक्ती होती. अंदाज चुकला तरी गुण मिळत. अंदाजच लिहिला नाही, तर गणित बरोबर येऊनही भोपळा.

शिकवायला येण्यापूर्वी ते डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होते. त्यांच्या डाव्या तळहाताची कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती, रेषा नसलेली. त्याबद्दल वर्गात अनेक कथा होत्या. सर स्वतः त्याबद्दल एकदाच बोलले, तेही दुसरंच काही शिकवता शिकवता: "नकाशात व्हॉल्व्ह उजवीकडे होता." एवढं म्हणून त्यांनी हात खिशात घातला आणि पुढचं समीकरण लिहिलं.

त्यांचं पहिलं प्रात्यक्षिक प्रयोगशाळेत नव्हतंच. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि आम्हाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं. "इथून निघायचं. पाण्याबरोबर चालायचं. पाइप जिथे संपेल तिथपर्यंत जायचं आणि जे दिसेल ते काढायचं. जे दिसलं नाही ते काढायचं नाही."

आम्ही जिने उतरलो, बागेत गेलो, मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर घुटमळलो आणि शेवटी प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरलो. प्राचार्य फोनवर होते.

"हे काय चाललंय?"

"सर, पाइप आत आलाय," आमच्यातला एक जण म्हणाला.

प्राचार्यांनी फोन हाताने झाकला, कपाळाला हात लावला आणि न विचारता म्हणाले, "त्याने पाठवलंय ना? बघा, आणि निघा."

दोघांनी एका भिंतीपाशी काम थांबवलं होतं. पाइप भिंतीत गेला होता, म्हणून त्यांनी पुढे तुटक रेघ काढली होती. सरांनी तो कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. "तुटक रेघ म्हणजे काय? म्हणजे आम्ही गेलो नाही. भिंतीच्या पलीकडे जाऊन या."

ते दोघं गेले. पलीकडे एक नळ दिवसरात्र गळत होता, आणि त्याखाली कुणीतरी अळू लावलं होतं.

आता माझ्या वडिलांबद्दल. आम्ही कळव्याचे, खाडीकाठचे कोळी. आजोबांच्या काळी होडी होती. पुढे खाडीचं पाणी काळं होत गेलं, मासळी कमी झाली, आणि बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. मी केमिकलला प्रवेश घेतला तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हंजे आता तू पन खाडी घान करायला शिकनार." घरात ते बोलीत बोलत. इथे लिहिताना ती मी थोडी सपाट केली आहे.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी त्यांचं डायलिसिस असे, ठाण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात. तिथे तीन यंत्रं होती. दर खेपेला चार तास. सप्टेंबरपासून त्यांना यंत्रावर असताना हुडहुडी भरू लागली. तासाभरात दात वाजायला लागत, पलंग हलेल इतकं अंग थरथरे, मग ताप चढे. दोन घोंगड्या आणि एक इंजेक्शन. डॉक्टरबाई तरुण होत्या, कामाने पिचलेल्या, आणि मनापासून काळजी घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काही पेशंटना असं होतं." घरी आलं की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपत. दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

ऑक्टोबरमध्ये सरांनी आम्हा अकरा जणांना डायलिसिस बघायला म्हणून त्याच रुग्णालयात नेलं. वार गुरुवार होता. आत शिरलो तर तिसऱ्या पलंगावर बाबा. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. सरांनी दोघांकडेही बघितलं, आणि मला काहीच न विचारता पलंगाजवळ गेले.

"कसं वाटतंय?"

"आज बरा हाय. सोमवारचा बरा नसतंय. सोमवारी थंडी वाजतं."

सर वाकले. "फक्त सोमवारी?"

"गुरुवारी कदी नाय."

सर सरळ उभे राहिले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "रविवारी हा विभाग बंद असतो?"

"हो."

"म्हणजे शनिवारचं पाणी रविवारभर कुठेतरी उभं राहतं." मग आमच्याकडे वळून, "या यंत्रात एका बाजूने रक्त, मध्ये पातळ पडदा, आणि पलीकडून मिनिटाला अर्धा लिटर पाणी जातं. चार तासांत किती?"

"एकशेवीस," मी म्हणालो.

"कसले?"

"लिटर."

"उभ्या पाण्यात जंतू वाढतात. जंतू पडद्यातून जात नाहीत, पण ते मेले की त्यांच्या सालीचे तुकडे जातात. रक्ताला ते कळतं. मग थंडी." त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "पाइपांचा नकाशा आहे का हो?"

नकाशा होता, आणि तो फार देखणा होता. निळ्या कागदावर सुबक अक्षर, प्रत्येक वळणाला कोन, प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक. सरांनी तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिले. "कुणी काढलाय? वा!" नकाशात टाकीपासून निघालेला पाइप तिसऱ्या यंत्रापाशी संपत होता. पाणी उभं राहील अशी जागा एकच, टाकी. तिचं झाकण सैल होतं. सर म्हणाले, टाकी धुवा, झाकण बदला. डॉक्टरबाईंनी दोन दिवसांत दोन्ही करून घेतलं.

पुढच्या सोमवारी बाबांना त्यापूर्वी कधी भरली नव्हती एवढी हुडहुडी भरली. दोघांनी त्यांना पलंगावर दाबून धरलं. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आता नाय जायचा मना." आई रडली, मी समजावलं, शेजारची माणसं आली. ते एकच वाक्य बोलत राहिले. गुरुवारीही ते गेले नाहीत. डायलिसिस थांबलं तर किती दिवस, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुणी उच्चारत नव्हतं.

शुक्रवारी मी सरांना सांगितलं. ते सरळ तासाला आले, फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'प्रात्यक्षिक क्रमांक एक' आणि त्यापुढे शून्य.

"हा माणूस," ते स्वतःच्या नावावर खडू ठेवून म्हणाले, "नकाशा सुंदर होता म्हणून पाइपाबरोबर चालला नाही. तुम्ही दोघांनी निदान तुटक रेघ काढली होती. ह्याने तीही काढली नाही." त्यांचा डावा हात खिशात होता. त्यांनी शिपाईमामांना सांगितलं, ते नाव दिवसभर पुसायचं नाही.

संध्याकाळी ते माझ्याबरोबर कळव्याला आले. आमची खोली लहान. बाबा खाटेवर होते, सुजलेले, धापा टाकत. सर जमिनीवर बसले.

"नाखवा, माझं चुकलं."

बाबांनी मान वळवली. वर्कशॉपमध्ये त्यांना कुणी नाखवा म्हणत नसे. "मास्तर, तुमी खालती कशाला बसलाव?"

"चुकलेल्या माणसाने खालीच बसावं. मी कागदावर विश्वास ठेवला, तुमच्या अंगावर नाही. तुमचं अंग सांगत होतं, पाणी कुठेतरी उभं आहे. मला अजून एक सोमवार द्या."

"सोमवार माझा असतंय, मास्तर. तुमचा नाय."

"खरंय."

"या बारीला नक्की?"

मला वाटलं, सर हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. सर म्हणाले, "नक्की नाही. अंदाज आहे. दहात आठ."

"आनि दोन?"

"दोन उरले तर मी परत येईन, आणि तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या मुलाला सांगेन की बापाला छळू नकोस."

आई आतून म्हणाली, "असं काय बोलता हो?" पण बाबा उठून बसायला लागले होते. मी त्यांना धरलं. "डॉक्टर बोलतान होईल बरा, आई बोलतं देव बघील," ते मला म्हणाले. "ह्यो मानूस पयला, ज्यानं मना आकडा सांगितला." मग सरांना, "आठ पुरं."

रविवारी विभाग बंद होता. सर, डॉक्टरबाई, तिथला टेक्निशियन आणि मी, असे चौघे. सरांनी चपला काढल्या, रुग्णालयाच्या कापडी सपाता घातल्या आणि टाकीपासून निघाले. शिडी लावली, खोट्या छताचा एक एक चौकोन काढून डोकं आत घातलं. खाली आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत. टेक्निशियन शिडी धरून होता. एक यंत्र, दुसरं यंत्र, तिसरं यंत्र. इथे नकाशा संपला. शिडीवरचे पाय थांबले.

वरून आवाज आला, "पलीकडे काय आहे?"

"स्टोअररूम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "का?"

"पाइप भिंतीत गेलाय."

स्टोअररूममध्ये सलाइनची खोकी छतापर्यंत रचलेली होती. आम्ही ती हलवली. मागे भिंतीलगत तोच पाइप आला होता, भिंतीच्याच रंगाने रंगवलेला, आणि टोकाला बंद तोटी. डॉक्टरबाईंना आठवलं, त्या यायच्या आधी कधीतरी चौथं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. यंत्र आलं नाही. पाइप आला.

सरांनी तोटी उघडली. पाणी बारीक धारेने आलं. त्यांनी ते काचेच्या भांड्यात घेतलं, वास घेतला आणि भांडं डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला आणि त्या एका खोक्यावर बसल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही.

"लांबी वीस फूट, आतला व्यास एक इंच," सर म्हणाले. "आधी अंदाज."

माझ्या तोंडून निघालं, "तीन लिटर."

"तीनच. रविवारभर ते इथे उभं राहतं. सोमवारी पंप चालू झाला की ते मागे ओढलं जातं आणि जवळच्या यंत्रात जातं. जवळचं म्हणजे तिसरं, नाखवांचं." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "एकशेवीस लिटरांत तीन. आणि माणूस पलंग हलवतो."

डॉक्टरबाई उठल्या. "आता काय करायचं ते सांगा."

पाइप मुळापाशी कापला, तोंड बंद केलं. सगळी वाट औषधाने धुतली, मग साध्या पाण्याने, मग त्या औषधाचा अंश राहिला नाही ना, ते तपासलं. टेक्निशियनने तपासलं, डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सरांनी पुन्हा तपासलं. मी गेली तीस वर्षं कारखान्यांत पाणी शुद्ध करण्याच्याच कामात आहे. भले भले इंजिनीअर पाहिले. छताच्या पोकळीत डोकं घालून बोलणाऱ्या त्या आवाजाएवढा विश्वास मला नंतर कुठल्याही उपकरणावर वाटला नाही.

सोमवारी सकाळी बाबा यंत्रावर चढले. सर पलंगाशेजारी स्टुलावर बसले. कॉलेजातून रजा घेतली होती. बाबांच्या पायाशी दोन घोंगड्या घडी करून ठेवल्या होत्या. थंडी वाजायची ती वेळ जवळ आली तशी बाबांनी पलंगाची कड घट्ट धरली. आई बाहेर बाकावर होती. सरांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते जप करतायत. नीट बघितलं तर यंत्रावरचे आकडे वाचत होते.

ती वेळ गेली. बाबांची बोटं अजून कडेवरच होती. मग एक एक सुटली. ते छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, चहा मिळंल काय?"

यंत्रावर असताना त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धा कप, त्याहून थेंब जास्त नाही. सर स्वतः आणायला गेले. आणला तो वाफाळता होता. थर्मामीटर त्यांच्या खिशातच राहिला होता.

त्यानंतर ती थंडी आली नाही. डिसेंबरात बाबांनी मला सांगितलं, मास्तरला बोलाव, फी विचारायची आहे. सर आले. बाबांनी विचारलं, "तुमची फी काय?"

सर म्हणाले, "एक तास."

"म्हंजे?"

"माझ्या वर्गात यायचं आणि एक तास बसायचं. तुमचा डावा हात पाहिजे."

डायलिसिससाठी बाबांच्या डाव्या हाताची नीला धमनीला जोडलेली होती, रक्त जोरात मिळावं म्हणून. तिथे कातडीखाली दोरखंडासारखा फुगवटा आला होता. लोक बघतात म्हणून ते उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. आईलाही तो हात धरू देत नसत. मी म्हणालो, "सर, ते नाही यायचे." बाबा म्हणाले, "तुला कोन विचारतंय?"

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागच्या खुर्चीत बसले. अकरा जणांच्या जागी वर्ग भरलेला होता, पेट्रोकेमिकलवाले उभे होते. बाबांनी बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात टेबलावर ठेवला.

"एकेकाने यायचं," सर म्हणाले. "दोन बोटं ठेवायची. दाबायचं नाही. मी जे जुलैपासून खडूने शिकवतोय, ते हे आहे."

पहिली मुलगी आली. तिने बोटं ठेवली आणि झटकन काढली. "सर, हे वाजतंय!"

"वाजनारच," बाबा म्हणाले. "होडीचा इंजिन कसा वाजतं? बंद पडला तर घाबरायचा. वाजतंय तोवर घाबरायचा नाय."

"दुखतं का काका?"

"नाय गो. ठेव परत."

तिने परत ठेवली. मग एकामागून एक सगळे आले. कातडीखालून ती थरथर बोटांत येई. वात्रट म्हणून प्रसिद्ध असलेला आमच्यातला एक जण परत रांगेत जाऊन उभा राहिला. शिपाईमामांनी हात धोतराला पुसून बोटं ठेवली. मीही ठेवली.

तास संपल्याची घंटा झाली. सर फळ्यापाशी उभे होते.

"मास्तर, तुमी राहिलाव," बाबा म्हणाले.

सर आले. त्यांनी डावा हात खिशातून काढला, त्याच हाताची दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. वर्गातलं कुणी उठलं नाही. दारात पुढच्या तासाचे प्राध्यापक येऊन थांबले होते. बऱ्याच वेळाने सरांनी हात काढला.

"नाखवा," ते म्हणाले, "फी जास्त दिलीत."

बाबा बाही खाली ओढत होते. बटण लावून झाल्यावर म्हणाले, "राहू द्या मास्तर. वरचे परत नको."